थोरांना उठवू नये

१

जावा बेटावरच्या अर्जुनो डोंगराच्या उतारावर हिवाळा येत नाही. सफरचंदाच्या झाडाला मात्र तो हवा असतो. म्हणून बातू गावाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतून तो माणसांनाच झाडाला आणून द्यावा लागतो, आणि तोही स्वतःच्या हातांनी. फळे उतरली की झाडाला काही आठवडे विसावा द्यायचा. मग एकेक पान ओढून ते उघडे करायचे, आत वळलेल्या फांद्या छाटायच्या, उरलेल्या फांद्या सुतळीने खाली वाकवून बांधायच्या. अशा रीतीने नागवे झालेले झाड आपले आयुष्य संपले असे समजते, आणि मरणाच्या दारी माणसाला जसे वंशाचे सुचते तसे त्याला फुलांचे सुचते. हे केले नाही तर झाड बारमाही हिरवेगार राहते आणि फळाच्या नावाने पूज्य.

हे सर्व केव्हा करायचे, हा खरा प्रश्न. शेजारचे बागाईतदार तो दिनदर्शिकेला विचारीत. इबू सुमिरा तो पानाला विचारी. झाडाच्या मधल्या उंचीवरचे एक पान तोडावे, कानाशी नेऊन मुठीत चुरडावे. पान मुकाट्याने मोडले तर थांबावे; कुरकुरले तर कामाला लागावे. घाई केली तर फूल अशक्त निघते, उशीर केला तर फुलाचा डोळा पालवी होऊन बसतो. त्या वर्षी पावसाळा सरता सरता पान कुरकुरले, आणि सुमिराने सुनेला हाक मारली.

"न्दुक, ऐक. कान इकडे कर. ऐकलंस?"

"हो इबू. पापडासारखं वाजलं."

"हा पापड चुकला की वर्षभर उपास. चल."

न्दुक म्हणजे पोरी, इबू म्हणजे आई. सून रेत्नानिंग मूळची सोलो शहराची, लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. सोलोत माणसाची किंमत त्याच्या बोलण्यावरून होते. तेथल्या चांगल्या घरातल्या मुलीला चालण्याआधी आदरार्थी बोलायला शिकवतात. या डोंगरी वाडीत तिच्या त्या बोलण्याची रोज थट्टा होई. बागेत कामाला येणारा तुगिमान काका तर संधीच शोधत असे.

"काल आमच्या बकरीला म्हणाली, आपण जरा बाजूला व्हावं! बकरी बिचारी लाजून दोरी तोडून पळाली."

"पळाली नाही, परतून आली," रेत्ना म्हणाली. "मालकापेक्षा मी बरी बोलते म्हणून."

त्यावर सुमिरा खदखदून हसली. ते हसणे खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाई. वाडीतल्या बायका सांगत, की नवरा असेपर्यंत सुमिराचे हसणे कोणी ऐकले नव्हते. नवऱ्याने, बापाक विग्न्यो यांनी, ही बाग लावली, आणि ते होते तोवर त्यांना विचारल्याशिवाय बागेतले पानही हलत नसे. सुमिराने टोपली धरून मागे उभे राहायचे, एवढाच तिचा बागेशी संबंध. ते वारल्यावर तिने प्रथमच छाटणीची कात्री हातात घेतली. बाग कशी राखायची हे ती एकटीने, चुकत चुकत शिकली, आणि त्याच वर्षांत हसायलाही शिकली.

आता ती बाग जाण्याच्या बेतात होती. हवा वर्षागणिक उबदार होत चालली होती आणि फळ घटत होते. मुलगा बास्कोरो मलांग शहरात नोकरीला होता. त्याने आईला सरळ सांगितले होते, की या मोसमात झाडे नीट फुलली नाहीत तर ईदनंतर यंत्र बोलावून ती उपटायची आणि संत्री लावायची. सुमिराने ते कबूल केले होते. सून ऐकत होती म्हणून कबूल करताना ती हसलीही होती.

पानगळीला एक रीत आहे. पहिल्या पानाला हात घालण्यापूर्वी झाडाला सांगायचे, "निज बाळा." आमच्या जावाच्या बोलीत लहानांच्या झोपेला एक शब्द आहे आणि थोरांच्या झोपेला दुसरा. मूल निजते, थोर पहुडतात. ज्यांना मातीत ठेवले तेही पहुडलेलेच म्हणायचे. गावच्या दफनभूमीला 'पहुडण्याची जागा' असेच म्हणतात. झाड कितीही जुने असले तरी त्याला बाळच म्हणतात, आणि हे इतके साधे आहे की ते कोणी कोणाला शिकवत नाही.

रेत्नाच्या वाट्याला घळीकडेची शेवटची ओळ आली. ती झाडे बापाक विग्न्यो यांनी पहिल्या वर्षी स्वतः खड्डे खणून लावलेली, बागेत सर्वांत जुनी. खोडांवर शेवाळ, बुंधे माणसाच्या मांडीहून जाड. सासऱ्याला तिने केवळ तसबिरीत पाहिले होते. त्यांच्या हातच्या झाडाला 'निज बाळा' म्हणायला तिची जीभ रेटेना. इकडेतिकडे पाहून, हात जोडून, ती हळूच म्हणाली, "पहुडावं आता."

वारा तेवढ्यापुरता पडला, असे तिला वाटले. डोंगरावर वारा असा नेहमीच पडतो.

२

ठरल्या वेळी बागेतले डोळे फुगू लागले. पहिल्या ओळी, मधल्या ओळी, सर्वत्र फांदीफांदीवर करड्या लोकरीसारखे ठिपके आले. शेवटची ओळ तशीच राहिली.

"पाणी साचलं असेल मुळाशी," सुमिरा म्हणाली. तिने चर खणवले. मुळाशी माती कोरडी निघाली. तिने नखाने साल खरवडली. आत हिरवा ओलावा होता. झाड जिवंत होते. केवळ डोळे उघडत नव्हते.

नंतर शेवटून दुसऱ्या ओळीतले फुगलेले डोळे थांबले. ते वाळले नाहीत, गळले नाहीत. जेवढे फुगले होते तेवढ्यावर राहिले. पुढच्या आठवड्यात त्या अलीकडची ओळ थांबली. जणू घळीकडून कोणी दबक्या पावलांनी येत होते आणि वाटेतल्या प्रत्येकाला गप्प राहण्याची खूण करीत होते. शेजारच्या बागा पांढऱ्याशुभ्र फुलल्या. सुमिराच्या बागेत मधमाशी फिरकेना.

बास्कोरो रविवारी आला. भाजलेले मक्याचे कणीस खात त्याने बांधावरून एक फेरी मारली.

"इबू, हे काय आहे?"

"उशीर आहे थोडा."

"उशीर? खालच्यांची फळं धरतील आता. मी यंत्रवाल्याला सांगून ठेवतो."

"सांगून ठेव. सांगायला काय, तोंडच हलवायचंय."

तो गेल्यावर सुमिरा बराच वेळ पायरीवर बसून राहिली. रेत्नाने चहा आणून ठेवला. तो गार झाला. त्या महिन्याभरात सासूची गालफडे बसली होती.

रेत्ना रोज शेवटच्या ओळीत जाई. एका दुपारी तिने जुन्या झाडाच्या खोडाला कान लावला. आत काही ऐकू येईल अशी तिची अपेक्षा नव्हती, आणि म्हणूनच जे ऐकू आले ते तिने प्रथम आपल्याच कानातल्या रक्ताचे मानले. हळू, खोल, वर जाणारे, थांबणारे, खाली येणारे. तिने आपली नाडी धरून पाहिली. नाडी भराभर चालली होती. खोडातले ते मात्र संथ होते, पोटभर जेवून आडव्या झालेल्या वयस्क माणसासारखे.

जुन्या खोडात पोकळी असते, पोकळीत वारा शिरतो. घरापर्यंतच्या वाटेवर तिने स्वतःला हे अनेकदा समजावले.

३

दुसऱ्या दिवशी तिने सासूला शब्द सांगून टाकला.

सुमिरा प्रथम हसली. "झाडाला पहुडावं म्हणालीस? अगं, तुगिमानला कळलं तर वर्षभर पुरेल त्याला." मग ते हसणे मधेच कोठेतरी अडकले. तिने भाजी निवडायला घेतलेले सूप खाली ठेवले.

"कुठल्या ओळीला?"

"शेवटच्या, इबू. बापाकांच्या."

सुमिराने विचारले, "तुझ्या माहेरी आजोबा पहुडले असले तर त्यांना कोण उठवतं?"

"कोणीच नाही. थोरांना उठवू नये."

"मग?"

"पण इबू, ते यंत्र..."

"यंत्र येऊ दे. बाळाला हलवून उठवता येतं. थोरांनी आपल्या मर्जीनं उठायचं असतं, नाहीतर नाही उठायचं. तू तोंड बंद ठेव. ऐकतेस? यापुढं त्या ओळीत एक अक्षर बोलायचं नाही."

"तुमची बाग जाईल."

"गेली तर बाग जाईल," सुमिरा म्हणाली, आणि सूप उचलून पुन्हा भाजी निवडू लागली. पण तिचे हात भलतेच निवडत होते, आणि चांगली पाने जमिनीवर पडत होती.

रेत्नाने ती पाने पाहिली. चूक तिची होती आणि शिक्षा या बाईला होत होती, एवढेच तिला दिसले. शहाण्या मुलीही अशा वेळी फार दूरचे पाहत नाहीत.

ईद होऊन गेली. यंत्र यायच्या आदल्या दिवशी दुपारीच डोंगरावरून धुके उतरले. रेत्ना शेवटच्या ओळीत गेली. धुक्यात झाडांच्या वाकवून बांधलेल्या फांद्या गुडघ्यांभोवती हात गुंफून बसलेल्या माणसांसारख्या दिसत होत्या. प्रत्येक बुंध्यापाशी ती वाकली, आणि सोलोच्या अस्सल, निर्दोष, आदरार्थी बोलीत म्हणाली, "बापाक, उठावं आता."

अखेरच्या झाडापाशी ती हे म्हणाली तेव्हा उत्तर आले नाही. झोपमोड झालेला माणूस बोलण्यापूर्वी नाकाने एक जड श्वास सोडतो, तेवढा एक आवाज मात्र झाला. तिच्या मागे, घराच्या बाजूला.

४

यंत्रवाला आला आणि तसाच परत गेला. बागेचे सगळे डोळे एकदम उघडले होते. अशी बहार तुगिमानने जन्मात पाहिली नव्हती. तो टोपी काढून नुसता उभा राहिला.

"इबू, फांदी दिसत नाही हो फुलांपुढं! काय घातलंत?"

सुमिरा हसली नाही. ती सुनेकडे पाहत होती.

"बोललीस?" तिने विचारले.

रेत्नाने मान खाली घातली. सुमिराने हात उगारला. तो तसाच खाली आला आणि सुनेच्या डोक्यावर टेकला. "जा, आत जा," ती म्हणाली. "आणि मागच्या खोलीचं दार लावून घे."

मागच्या खोलीत फळांच्या पेट्या रचलेल्या असत, आणि बापाक विग्न्यो यांची बाज. रेत्नाने दार लावले. दुपारी ते उघडे होते.

त्यानंतर घरात जे बदलले ते सासूत बदलले. सुमिरा घरातल्या घरात डोक्यावरून पदर घेऊ लागली. तिचा आवाज उतरला. चहा करताना ती एक पेला जास्त करी आणि तो मागच्या खोलीत नेऊन ठेवी; परत आणताना पेला भरलेलाच असे, पण वर साय धरलेली नसे, कोणी फुंकर घालीत बसल्यासारखी. फळे सुपारीएवढी झाली तेव्हा विरळणीची वेळ आली. झुपक्यातले कोणते ठेवायचे आणि कोणते खुडायचे हे सुमिराला डोळे मिटूनही कळत असे. आता ती कात्री घेऊन झाडापाशी जाई, उभी राही, आणि घराकडे परते. मागच्या दारापाशी थांबून काहीतरी पुटपुटे, ऐके, मान हलवी, आणि मग जाऊन खुडे. तुगिमानने ते पाहिले.

"कुणाला विचारता हो?"

"कुणाला नाही."

"मग चुकीचं कशाला खुडता? हे मोठं फळ काढलंत आणि किडकं ठेवलंत! असं तर बापाक..." तो थांबला, आणि पुढे त्या दिवशी एकही विनोद त्याने केला नाही.

रेत्नाची बुद्धी अजून वाद घालीत होती. विधवा बाई, मोठी काळजी, मग अकस्मात सुटका. अशाने माणसाचे मन जुन्या खाचेत घसरते, असे तिने वाचले होते. एका दुपारी सासू आत असताना ती मागच्या खोलीच्या दाराशी गेली. फटीतून तिला प्रथम सुमिरा दिसली. ती जमिनीवर, टाचांवर बसली होती, हात मांडीत, मान इतकी खाली की हनुवटी छातीला लागलेली. सोलोच्या राजवाड्यातही दासी इतकी वाकत नसेल. समोर बाज होती. बाजेवर कोणी नव्हते.

मग कुरकुर ऐकू आली. सावकाश, मन लावून केलेली. बाजेच्या काठापासून हातभर उंचीवर, बसलेल्या पुरुषाची मूठ असावी त्या ठिकाणाहून, सफरचंदाच्या पानाचा हिरवा चुरा थोडा थोडा जमिनीवर पडत होता.

छपरातून, तिने स्वतःला सांगितले. उंदीर. पण ती दारापासून मागे सरली ती पाठ न वळवता, थोरांसमोरून जावे तशी.

त्या संध्याकाळी सुमिराने तिला भाताचे ताट दिले आणि स्वतः जेवली नाही.

"ते विचारतात," ती म्हणाली, "मला कोणी उठवलं."

"इबू..."

"विचारतात, ज्यानं उठवलं त्याला समोर आणा. मी सांगितलं, मीच उठवलं."

"का सांगितलंत?"

"ते तुला काय काय ऐकवतील, ठाऊक आहे का तुला? मला ठाऊक आहे. मी वीस वर्षं ऐकलंय." तिने ताट सुनेकडे सरकवले. "जेव. आणि आता मी सांगते तसं कर. बास्कोरोला फोन लाव. म्हणावं, यंत्र पाठव."

"आता? फळ भरलंय इबू! महिन्यात उतरेल."

"फळ भरलंय म्हणूनच. ही फळं माझी नाहीत, त्यांची आहेत. झाडं आहेत तोवर ते आहेत. झाडं गेली की जातील."

रेत्नाला हे पटले. दोघींनाही ते पटले, कारण दुसरे काही पटवून घेण्यासारखे नव्हते.

५

भरल्या फळांवर यंत्र चालवायला चालक तयार होईना. "पाप आहे हो," तो म्हणाला. बास्कोरो आईला वेड लागले म्हणून रडकुंडीला आला. पण सुमिराने स्वतः सुतळ्या कापल्या, आणि वाकवलेल्या फांद्या एकदम सुटून वर गेल्या तशी फळे चहूकडे उडाली. ते पाहिल्यावर चालकाने यंत्र सुरू केले.

सकाळपासून ओळीमागून ओळ आडवी झाली. लालपिवळी फळे चिखलात लोळत होती. सुमिरा बांधावर उभी होती, पदर खांद्यावर. तिचा चेहरा रेत्नाला पुष्कळ दिवसांनी ओळखीचा वाटला. दुपारी शेवटच्या ओळीची पाळी आली, तेव्हा ती तुगिमानला म्हणालीसुद्धा, "या लाकडाचा तुझ्या बकरीला पलंग करून देते." तुगिमान हसायला विसरला, मग घाईघाईने हसला.

सर्वांत जुने झाड मुळासकट निघायला वेळ लागला. ते कलंडले, मुळांचा मोठा घेर मातीसह वर आला, आणि चालकाने यंत्र थांबवले.

"इथं काय होतं?"

तुगिमान खड्ड्याच्या काठाशी ओणवला. मुळांच्या खाली, जेथे मुळेच असायला हवी होती, तेथे माणसाच्या लांबीची एक पोकळी होती. आतली माती गुळगुळीत दाबलेली होती. खांद्याचा खळगा, कमरेचा खळगा, किंचित दुमडलेले गुडघे. उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. मृताला जसे ठेवतात तसे.

"खणलंय कुणीतरी," बास्कोरो म्हणाला.

"खणलेलं नाही," तुगिमान म्हणाला. "झोपून झोपून झालंय." त्याने आत हात घातला आणि चटकन काढून घेतला. "उबदार आहे अजून."

बापाक विग्न्यो यांना वाडीच्या खालच्या दफनभूमीत पुरले होते. तुगिमानने स्वतः खांदा दिला होता. बास्कोरोकडे पाहून त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

सुमिरा खड्ड्यापाशी आली. तिने आत पाहिले. रेत्नाने तिच्या चेहऱ्यावर प्रथम सुटका पाहिली, आणि मग काहीतरी समजत गेलेले पाहिले.

"बुजवू नका," सुमिरा म्हणाली. "तुगिमान, त्याला सांग. हे असंच ठेवायचं. ते इथंच पहुडतात, इथंच परत..."

पण चालकाने घाबरून यंत्र पुन्हा सुरू केले होते. त्या धडधडाटात तिचे शब्द कोणाला ऐकू गेले नाहीत. लोखंडी पंजा खाली आला, काठ ढासळला, आणि खांदा, कंबर, गुडघे सगळे एका लोंढ्यात मातीखाली गेले. चालकाने वरून दोनदा दाबूनही घेतले.

मग यंत्र बंद झाले. उघड्या रानावर एकही झाड उभे नव्हते, आणि घर प्रथमच बांधापासून सबंध दिसत होते, मागच्या खोलीच्या खिडकीसकट.

सुमिराने मान तिकडे वळवली. काहीतरी ऐकल्यासारखी ती क्षणभर थांबली. मग तिने पदर डोक्यावर घेतला, नीट, कपाळापर्यंत.

"आले," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

रेत्नाने तिचे मनगट धरले. "इबू, कोणी हाक मारलेली नाही. मी ऐकलं नाही. कोणीच ऐकलं नाही."

"हात सोड, न्दुक," सुमिरा म्हणाली. तिचा आवाज इतका उतरलेला होता की बास्कोरोला तो आईचा वाटला नाही. "त्यांना ताटकळायची सवय नाही. आणि आता त्यांना परत जायला जागाही राहिली नाही."